संत्र्याची साल, सुंठ आणि विलायती भाकरी



गेल्या महिन्यात चाचणीचे पेपर तपासायचे पडले होते, दोन गठ्ठे उर्दूचे नि एक मराठीचा, आणि आम्ही स्वयंपाकघरात कढईत मीठ तापवत होतो. शेजारच्या भाभी डोकावल्या. "मॅडम, मीठ भाजताय?" म्हणाल्या. स्कोन भाजतोय असे सांगितले असते तर आणखी चार प्रश्न आले असते, म्हणून नुसती मान हलवली.

गोष्ट अम्मीपासून सुरू होते. अब्बांच्या इंतकालनंतर आम्ही त्यांना उदगीरहून इकडे देवणीला आणले. दात गेलेले, कवळी त्यांना पटत नाही, ती फडताळावर डबीत पडून असते. सकाळच्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत असे डॉक्टरांनी बजावलेले. पण सकाळी त्या फक्त चहा घेतात. पोळी भिजवून दिली तर दोन घास, शिरा केला तर एक चमचा. "बस्स, हो गया." बिस्किट चहात बुडवले तर तळाशी गाळ होतो आणि त्या तो कप सरकवून ठेवतात. तीन महिन्यांत अंगावरचे ब्लाऊज सैल झाले, तेव्हा आम्ही घाबरलो.

त्यात आमची लेक, अकरावीत आहे, मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ घेऊन आली. संत्र्याची साल आणि मसाले घातलेले स्कोन. वरून कुरकुरीत, आत कापसासारखे मऊ. "नानीला चावता येईल," म्हणाली. हा मुद्दा बिनतोड होता.

स्कोन म्हणजे काय, ते आधी सांगतो. नाव इंग्रजी वाटले तरी पदार्थ मूळचा स्कॉटलंडचा. तिकडच्या गरिबांची जवाच्या आणि ओटच्या पिठाची जाड भाकरी, तव्यावर भाजलेली आणि चार तुकड्यांत कापलेली. भट्टी आणि मैदा नंतर आले. फुगवण्याची पावडर तर त्याहून उशिरा. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते अल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट मानवत नसे. तिला फुगलेला पाव खाता यावा म्हणून त्यांनी 1843 मध्ये बेकिंग पावडर तयार केली. अंडेही तिला चालत नव्हते, म्हणून अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर त्यांनी आधीच केली होती. बायकोसाठी एवढे करणारा नवरा! हे आम्ही घरात मुद्दाम मोठ्याने वाचले. मुलांच्या अब्बूंनी वर्तमानपत्र जरा उंच धरले.

आमच्याकडे ओव्हन आहे, पण वीज भरवशाची नाही. पहिल्या वेळी दहाव्या मिनिटालाच गेली. त्या दिवशी वीज गेली नसती तरी फार फरक पडला नसता, कारण बेकिंग पावडरच्या जागी आम्ही खायचा सोडा घातला होता, तोही तेवढाच. दोन कप मैद्याला अडीच चमचे सोडा! रंग पिवळट तपकिरी, चव साबणाची. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले तर ते हसले. सोड्याला आंबट जोडीदार लागतो, ताक, दही किंवा लिंबाचा रस. जोडीदार मिळाला की त्यातून वायू सुटतो आणि पीठ फुगते. जेवढा सोडा जोडीदाराविना उरतो, तो जिभेला कळतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आंबट भुकटी दोन्ही एकत्र असतात, म्हणून ती साध्या दुधातही चालते. आंबट ताक घेणार असाल तर दोन कप मैद्याला अर्धा चमचा सोडा पुष्कळ झाला.

दुसऱ्या वेळी पावडर बरोबर होती, हात चुकला. वीस वर्षे चपातीची कणीक मळणारे हात आमचे. समोर परात आली की आपोआप मळायला लागतात. स्कोनचे पीठ मळायचेच नसते. मळले की मैद्याला चिवटपणा येतो, आणि चपातीला जो चिवटपणा हवा तोच इथे नको. त्या दिवशीचे स्कोन मुलाने अंगणात भिंतीवर मारून पाहिले. भिंतीचा पोपडा निघाला. अम्मींनी एक उचलून हातात फिरवला आणि काही न बोलता परत ताटलीत ठेवला. ते न बोलणे आम्हाला साबणाच्या चवीपेक्षा जास्त लागले.

तिसऱ्या रविवारी आम्ही परात घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसलो. खरे सांगायचे तर मदत मागण्याचा विचार नव्हता, त्यांच्यावर लक्ष ठेवता यावे एवढेच. अलीकडे त्या विसरतात. दुपारी जेवल्या की नाही, हे त्यांना संध्याकाळी आठवत नाही. आम्ही थंड तूप मैद्यात चोळत होतो. त्या बघत होत्या. एकदम हात पुढे केला, परातीत घातला, मूठभर पीठ घेऊन दाबले. मुटका वळला. मग अंगठ्याने टोचला, भुगा झाला. "हौ, अब बस. और नक्को," म्हणाल्या.

नानखटाईचे मोहन तपासायची हीच रीत. मुठीत धरले तर गोळा, टोचले तर भुगा. आमच्या लहानपणी उदगीरला रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या बायका मैदा, रवा, बेसन, साखर आणि वनस्पती तुपाचे डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या. किलोमागे भाजणावळ ठरलेली. पीठ मळायला बेकरीतली मोठी परात मिळायची, गोळे आपणच वळायचे, वर चारोळी किंवा पिस्त्याचा काप दाबायचा आणि पत्र्यावर मांडून नंबर लागेपर्यंत बसून राहायचे. मध्यरात्र व्हायची. आम्ही मुले पोत्यांवर झोपायचो आणि वेलदोड्याच्या वासाने जागे व्हायचो. ईदच्या दिवशी प्रत्येक घरात नानखटाईच, पण कुणाची कुणाची, हे आम्ही डोळे मिटून सांगायचो.

हा सगळा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि उदगीर तालुका तर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात. त्यामुळे भट्टीची खटाई, चहाबरोबर उस्मानिया बिस्किट, ही सवय हैदराबादेकडून आली की सुरतेच्या नानखटाईवाल्यांकडून, हा वाद आमच्या अब्बांचा आवडता होता. आम्हाला त्यात काही रस नव्हता, खटाईत होता. आता ती भट्टी विझली. ईदला तयार पुडे येतात. सोयीचे आहेत, आम्हीही आणतो, तक्रार नाही.

तर अम्मींनी थांब म्हटल्यावर आम्ही थांबलो. लेकीला वही आणायला सांगितले. अम्मींनी आयुष्यात कधी माप घेतले नाही, "अंदाज से" हेच माप. त्या रविवारी त्या अंदाजाने घालत गेल्या आणि आम्ही घालण्याआधी प्रत्येक चिमूट चमच्यात मोजून घेतली. वहीत उतरले ते असे.

दोन कप म्हणजे साधारण अडीचशे ग्रॅम मैदा, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ. चार मोठे चमचे साखर. पन्नास ग्रॅम घट्ट, थंड तूप. लोणी घेतले तर साठ ग्रॅम लागते, कारण लोण्यात पाणी असते. त्या पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात, तुपाने तसे होत नाही, पण खुसखुशीतपणा नानखटाईकडे झुकतो. आम्हाला तुपाचे आवडले. उन्हाळ्यात आमच्याकडे तूप वाटीतच वितळते, तेव्हा ते अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय या भानगडीत पडू नका.

एका संत्र्याची आणि एका लिंबाची साल. संत्रे शक्यतो थंडीतले नागपुरी, जाड सालीचे. बाजारातल्या फळांवर कधी मेणाचा थर असतो, म्हणून कोमट पाण्यात चोळून धुवायचे, कोरडे करायचे आणि किसणीच्या सर्वांत बारीक बाजूने फक्त रंगीत भाग किसायचा. वास तिथे आहे. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. साल वाकवून चिमटली की डोळ्यांत उडते ते हेच तेल. खालचा पांढरा थर कडू, तो आला की सगळे कडू. किसलेली साल आधी साखरेत बोटांनी चोळायची. साखर ओलसर, केशरी होते, तेल शोषून घेते. एवढ्या एका कृतीने वास दुप्पट होतो. बाटलीतल्या इसेन्सबद्दल काही भगिनी विचारतात, त्यावर अल्कोहोल लिहिलेले असते, चालते का? साल घरात असताना बाटलीची गरजच नाही. आपण साल टाकून देतो आणि वास विकत आणतो!

मसाले: अर्धा चमचा वेलदोडा पूड, पाव चमचा सुंठ, पाव चमचा दालचिनी, जायफळ दोनदा किसणीवर फिरवून. व्हिडिओतली बाई 'मिक्स्ड स्पाइस'ची डबी उघडत होती. त्यातले निम्मे आमच्या मसाल्याच्या डब्यात आधीपासून आहे.

तूप चोळून झाले की साखर, साल, मसाले मिसळायचे, मग अर्धा कप थंड दूध एकदम ओतून सुरीने किंवा काट्याने हलवायचे. गोळा जेमतेम जमला की थांबायचे. खडबडीत दिसेल, दिसू द्या. ओट्यावर थापून बोटाच्या पेराएवढी जाडी ठेवायची, त्याहून पातळ नको, आणि गोल भाकरीचे आठ तुकडे. ओव्हन असेल तर दोनशे अंशांवर पंधरा मिनिटे. कढई असेल तर जाड बुडाची, नॉनस्टिक मुळीच नको. तळाशी दोन वाट्या मीठ, त्यावर तिवई, झाकण घट्ट, आणि मध्यम आचेवर पंधरा मिनिटे रिकामी तापवायची. मग ताटली ठेवून मंद-मध्यम आचेवर पंचवीस मिनिटे. वरून रंग येत नाही, शेवटी तव्यावर मिनिटभर उलटे टाकले की येतो. ते मीठ पुन्हा याच कामाला येते, भाजीत घालू नका. भाभींना शेवटी हे सांगावेच लागले.

कढई तापली की नाही हे कसे कळावे, तर अम्मी म्हणाल्या कागद टाक. भट्टीवाला कागदाचा तुकडा टाकायचा. तपकिरी झाला तर पत्रा आत, काळा झाला तर थोडे थांबायचे. आम्ही टाकला. तपकिरी झाला.

ताटली आत जायच्या वेळी त्यांनी अचानक विचारले, "चिठ्ठी लगाई क्या?" आम्हाला समजेना. मग आठवले. भट्टीवर पत्रे अदलाबदल होत, म्हणून प्रत्येकीच्या डब्यावर घरच्या कर्त्याच्या नावाची चिठ्ठी लावायची असे. अम्मी त्या क्षणी उदगीरला होत्या. भट्टी बंद झाली, अब्बा गेले, हे तेव्हाच सांगायला हवे होते का, आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. आम्ही गप्प राहिलो. लेक उठली, वहीचे पान फाडले, त्यावर नानांचे नाव उर्दूत लिहिले आणि रिकाम्या डब्याला भाताच्या शिताने चिकटवले. अम्मींनी नाव वाचले. "अच्छा लिखती है," म्हणाल्या.

स्कोन गरम असताना चहात बुडवला. आतून मऊ, तरी गाळ झाला नाही. अम्मींनी पूर्ण खाल्ला, मग दुसऱ्यातला अर्धा. आम्ही कसे झाले विचारले. "खटाई नहीं है ये," म्हणाल्या, "मीठी भाकर है." आणि मग, "सोंठ कम पड़ी."

त्यानंतर तीन रविवार झाले. रोज सकाळी एक, तव्यावर झाकण ठेवून गरम केलेला, आणि त्यानंतर गोळ्या. वजन अजून केलेले नाही. वहीत सुंठेपुढचे पाव खोडून अर्धा केले आहे.