टेहळणीचे नियम आणि हरकतींची मुदत

दूरध्वनी संभाषणे व संदेश यांवर सरकारी यंत्रणांनी कायदेशीर टेहळणी कशी करावी, याविषयीचे नवे नियम केंद्र सरकारने ६ डिसेंबर २०२४ रोजी अधिसूचित केले. ऑगस्टअखेरीस त्यांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकती व सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत होती. इतक्या गंभीर विषयाला एवढा अवधी पुरेसा होता काय, हा प्रश्न नियम लागू झाल्यानंतरही शिल्लक आहे.

हरकतींची मुदत हा एरवी प्रशासनातील रुक्ष विषय. मोबाइलच्या दरांचा नियम चुकला, तर ग्राहकाला बिल हाती पडताच ते कळते आणि त्याला दाद मागता येते. टेहळणीचे तसे नाही. ज्याचे संभाषण ऐकले जाते, त्याला तसे कळवण्याची तरतूद जुन्या नियमांत नव्हती, नव्यातही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका व्यावसायिकाविरुद्धचे टेहळणीचे तीन आदेश रद्द ठरवले आणि नोंदवलेली संभाषणे नष्ट करण्यास सांगितले. ते आदेश २००९-१० मधील होते. लाचप्रकरणी खटला उभा राहिला आणि त्यात ही संभाषणे पुरावा म्हणून आली, म्हणूनच त्याला आव्हान देता आले. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांच्यासाठी नियमाचा मसुदा खुला असतो तेवढेच दिवस बोलण्याचे.

विचारण्यासारखे बरेच होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’च्या याचिकेवर टेहळणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली; नियमांत ती नंतर उतरली. आदेश गृह सचिवांनी द्यावा, तो ६० दिवस चालावा, एकूण १८० दिवसांपलीकडे जाऊ नये, ही चौकट नव्या नियमांतही कायम आहे. आदेशांची छाननी करणारी समितीही पूर्वीप्रमाणेच सचिवांची आहे. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव, तर राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष असतात. आदेश देणारे सचिव आणि तपासणारेही सचिवच! न्यायाधीशाची पूर्वपरवानगी हवी ही मागणी १९९६ मध्ये न्यायालयाने मान्य केली नव्हती. कायद्यात तशी तरतूद नाही, हे त्यामागचे कारण होते. म्हणजे बदल व्हायचा तर तो कायदा किंवा नियम करतानाच.

कायद्याची बाजू या बाबतीत फारच मोघम आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो. परंतु किती दिवस, हे १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम सांगत नाही. ठरवलेल्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती विचारात घ्याव्यात, इतकेच तो म्हणतो. ३० दिवसांचा दंडक २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणातून आला आहे. त्यात तो किमान अवधी आहे. व्यवहारात मात्र तोच बहुधा कमाल ठरतो.

मुदतवाढ अशक्य असते असे नव्हे. दूरसंचार विधेयकाचा पहिला मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये आला, तेव्हा २० ऑक्टोबरची मुदत पुढे नोव्हेंबरपर्यंत लांबली. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्यावर तर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेच ११ ऑगस्टपर्यंत मुदत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत अनुवाद करण्यास सांगितले. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्या आदेशाचा दुसरा भाग अधिक मोलाचा. राजपत्रातील मसुदा हिंदी-इंग्रजीतच असेल, तर वाढीव पंधरवडाही अनेकांच्या उपयोगी पडत नाही.

तथापि केवळ दिवस वाढवून भागत नाही. वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकाच्या २०२२ च्या मसुद्यासाठी मुदत १७ डिसेंबरवरून २ जानेवारी २०२३ पर्यंत वाढली. पण आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत, असे सरकारने आधीच जाहीर केले होते. लोकांनी मोकळेपणाने लिहावे, हे त्याचे कारण दिले गेले. याउलट दूरसंचार नियामक प्राधिकरण आलेली मते प्रसिद्ध करते, त्यांवर प्रतिमते मागवते आणि खुली चर्चा घेते. कोणाचा मुद्दा का फेटाळला, हे तेथे निदान शोधता येते. कॉल ड्रॉपच्या भरपाईचा नियम मे २०१६ मध्ये रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेच्या धर्तीवर नियम करण्याच्या पारदर्शक पद्धतीसाठी संसदेने कायदा करावा, असे सुचवले होते. तसा सर्वसाधारण कायदा अद्याप झालेला नाही.

अधिसूचित नियम एकूण ३० दिवस संसदेपुढे ठेवले जातात आणि दोन्ही सभागृहे एकमताने ते बदलू शकतात. मात्र तोवर ते लागू झालेले असतात, आणि त्यानुसार निघालेले आदेश त्या बदलाने आपोआप अवैध होत नाहीत.