जात हा सिनेमाचा 'प्रकार' नसतो : २०२५ मधले माझे आवडते चित्रपट

वर्ष संपत आलं की मोबाईलवर याद्या फिरायला लागतात. वर्षातली सर्वोत्तम प्रेमकथा, सर्वोत्तम भयपट, सर्वोत्तम ॲक्शन. यंदा मोरगावातल्या आमच्या पोरांनीही अशी एक यादी केली. कॉलेजला बारामतीला जाणारी, पहाटे उठून भरतीसाठी रस्त्यावर पळणारी ही मुलं. मोरगावात थिएटर नाही. पिक्चर बघायचा तर दुचाकीवर पस्तीसेक किलोमीटर बारामती, नाहीतर थेट पुणं, नाहीतर हातातला मोबाईल. तरी वर्षभरात त्यांनी बरंच बघितलं होतं. यादी पुढे करून एकाने विचारलं, "दादा, तुमचे कुठले?"

मी आधी त्यांची यादी वाचली. प्रेमकथेच्या रकान्यात 'सैयारा', भयपटात 'जारण', ॲक्शनमध्ये 'धुरंधर', ऐतिहासिकमध्ये 'छावा'. आणि सगळ्यात खाली एक वेगळा रकाना : 'जातीवरचे पिक्चर'. त्यात 'फुले', 'धडक २', 'होमबाउंड' आणि 'बायसन' एकत्र कोंबलेले. म्हणजे एक चरित्रपट, एक प्रेमकथा, एक दोन दोस्तांची गोष्ट आणि एक कबड्डीचा पिक्चर. या चौघांत सारखं काय? नायकाची जात, किंवा त्याने ज्यांच्यासाठी आयुष्य वेचलं त्यांची जात.

मला गावाची जुनी रचना आठवली. सगळ्या आळ्या गावात, आपली वस्ती वेशीबाहेर. ही यादी कुठल्या मनुवाद्याने केली नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन पुढे चालणाऱ्या आपल्याच पोरांनी केली होती. म्हणून हा लेख.

समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात सतीश देशपांडे यांची एक मांडणी वाचली होती. सवर्णाला आपली जात विसरून 'सर्वसाधारण' माणूस होता येतं, दलिताला मात्र प्रत्येक ठिकाणी जात सोबत घेऊनच उभं राहावं लागतं. सिनेमातही हेच चालतं. कपूर-मल्होत्रांच्या पोराने प्रेम केलं की ती 'प्रेमकथा', आणि अहिरवारच्या पोराने प्रेम केलं की तो 'जातीवरचा पिक्चर'. खरं तर जात दोन्हीकडे असते. एकीकडे ती न सांगता चालते, एवढाच फरक. म्हणून मी माझी यादी प्रकारांप्रमाणेच करतो, फक्त तो शेवटचा रकाना काढून टाकून.

प्रेमकथा : 'धडक २'

आपल्या इंदापूरच्या पलीकडे, उजनीचं पाणी ओलांडलं की करमाळा तालुका. नागराज मंजुळेंचा 'सैराट' (२०१६) त्या मातीतला. मुंबईने त्याचा 'धडक' (२०१८) केला तेव्हा त्यातली जात जवळजवळ धुऊन काढली आणि उरली श्रीमंत-गरिबाची नेहमीची गोष्ट. शाझिया इक्बाल यांचा 'धडक २' मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ चित्रपटावर बेतला आहे. त्यात निलेश अहिरवार हा कायद्याचा विद्यार्थी भीमनगरातून कॉलेजात येतो, आणि पहिल्या दिवसापासून त्याला आडनाव विचारलं जातं. सेन्सॉरने सोळा ठिकाणी बदल करायला लावूनही जात पुसता आली नाही, कारण कथेचा कणाच तो आहे.

तक्रार आहेच. दलित नायक दाखवायचा म्हणून गोऱ्या नटाला सावळा रंग फासला. आपण सगळे एकाच रंगाचे असतो, असं यांना कुणी सांगितलं? पण ही तक्रार करूनही मी हा पिक्चर यादीत ठेवतो, कारण शेवटी आपला पोरगा जिवंत राहतो. 'सैराट'च्या शेवटी आपण सुन्न होऊन बाहेर आलो होतो. आपल्या वाट्याची प्रेमकथा प्रेतावरच संपली पाहिजे, हा नियम इथे मोडला.

दोस्तीचा पिक्चर : 'होमबाउंड'

माझ्या यादीत पहिला नंबर याचा. नीरज घायवान आपली दलित ओळख जाहीरपणे सांगणारे दिग्दर्शक आहेत. 'मसान' त्यांचाच. 'मेड इन हेवन'मध्ये पडद्यावर बौद्ध पद्धतीचं लग्न दाखवलं तेही त्यांनीच. 'होमबाउंड'मध्ये चंदन आणि शोएब हे दोघे मित्र पोलीस भरतीची परीक्षा देतात. एक दलित, एक मुसलमान. दोघांनाही वाटतं की अंगावर वर्दी आली की नाव विचारणारे गप्प बसतील. मग लॉकडाऊन येतो आणि दोघे गावाच्या वाटेला लागतात.

चंदन फॉर्म भरताना राखीव जागेचा हक्क असून खुल्या गटातून अर्ज करतो. हा प्रसंग मी विसरू शकत नाही. माझ्या ओळखीतला एक मुलगा पुण्यात खोली घेऊन अभ्यास करायचा. खोलीतल्या मित्रांना त्याने 'मी ओपनचा' असं सांगितलं होतं. १४ एप्रिलला तो 'आजीला बरं नाही' म्हणून गावी यायचा. या वर्षी राज्यात पंधरा हजारांहून जास्त पदांची पोलीस भरती निघाली. फॉर्म भरताना आपल्या किती मुलांचा हात त्या रकान्यावर क्षणभर थांबला असेल? हा पिक्चर त्या क्षणाचा आहे. आरक्षण घेणाऱ्याला लाज वाटावी अशी व्यवस्था कोण उभी करतं, हे तो भाषण न देता दाखवतो. चंदनची आई शाळेत पोषण आहार शिजवते आणि तिच्या हातचं पोरांनी खायला नको म्हणून गावातले लोक उभे राहतात, तेव्हा तर काही सांगायची गरजच उरत नाही.

कानमध्ये निवड झाली, भारताने ऑस्करला पाठवला, तिथल्या पंधरा चित्रपटांच्या यादीतही आला. आपल्याकडच्या थिएटरांत मात्र फार दिवस टिकला नाही.

खेळपट : 'बायसन'

पुन्हा मारी सेल्वराज. दक्षिण तमिळनाडूतला एक खेडूत पोरगा कबड्डीच्या जोरावर देशाच्या संघापर्यंत जातो. अर्जुन पुरस्कार मिळालेले मनत्ती गणेसन यांच्या आयुष्यावरून ही गोष्ट सुचलेली आहे. गावात दोन जातींचं वैर, बाप पोराला खेळू द्यायला घाबरतो.

कबड्डी आपल्या मातीतला खेळ आहे, पण हा विचार मला पिक्चर बघताना पहिल्यांदा सुचला : कबड्डी हा स्पर्शाचा खेळ आहे. समोरच्याला शिवलं की तो बाद. ज्या समाजाने हजारो वर्षं शिवाशिव पाळली, तिथे आपला पोरगा मैदानात उतरतो आणि शिवणं हेच त्याचं हत्यार होतं. हा 'जातीवरचा पिक्चर' म्हणून बाजूला ठेवला तर एक भारी खेळपट आपण बघायचा सोडला, इतकंच होईल.

भयपट : 'सिनर्स'

हा अमेरिकेतला. रायन कूगलर यांचा. १९३२ सालचं मिसिसिपी, कापसाची शेतं, दोन जुळे काळे भाऊ आपल्या माणसांसाठी गाण्या-नाचण्याचा अड्डा उघडतात. एका धर्मोपदेशकाचा पोरगा तिथे गिटारवर ब्लूज गातो, आणि त्या गाण्याच्या ओढीने रक्तपिपासू पिशाच्चं दाराशी येतात. आत बोलावल्याशिवाय त्यांना येता येत नाही. म्हणून ती गोड बोलतात. आमच्यात या, इथे काळा-गोरा भेद नाही, आपण सगळे एक.

हे वाक्य आपल्याला ओळखीचं नाही का? आपल्याकडे त्याला समरसता म्हणतात. भेद मिटवू म्हणायचं आणि बदल्यात तुमचं गाणं, तुमची आठवण, तुमचा महापुरुष घेऊन टाकायचा. काळ्यांच्या लढ्यातून नाव घेऊन १९७२ मध्ये आपल्या पोरांनी दलित पँथर उभी केली होती. त्या नात्याने हा पिक्चर आपलाच आहे.

आणखी एक गोष्ट. पंचवीस वर्षांनी या चित्रपटाचे हक्क आपल्याकडे परत येतील, असा करार कूगलर यांनी स्टुडिओशी केला आहे. आपली भीमगीतं लाखोंनी ऐकली जातात. त्यांचे हक्क किती शाहिरांच्या घरात आहेत?

घरगुती : 'स्थळ' आणि 'साबर बोंडं'

जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' चंद्रपूरकडच्या खेड्यात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. सविता समाजशास्त्र शिकते आणि एकामागून एक बघायला येणाऱ्यांपुढे पाटावर बसते. तेच प्रश्न, तोच रंगाचा विषय. वर्गात स्त्रीसक्षमीकरण शिकायचं आणि घरी ट्रे घेऊन बाहेर यायचं. माझ्यासोबत समाजशास्त्र शिकलेल्या किती मुलींचं हेच झालं. आपल्या बौद्ध घरांतही बघण्याचे कार्यक्रम तसेच होतात, फक्त भिंतीवरचा फोटो वेगळा असतो.

रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' सनडान्सला सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळवणारा पहिला मराठी चित्रपट. वडिलांच्या दहाव्यापर्यंत गावी थांबलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, दोन पुरुषांचं प्रेम. वस्तीत हा विषय काढला की आपलीही मान खाली जाते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ बद्दल निकाल देताना बाबासाहेबांच्या संवैधानिक नैतिकतेचा आधार घेतला होता. बाबासाहेब फक्त आपल्यापुरते वाचायचे, हे चालणार नाही.

चरित्रपट : 'फुले'

खरं बोलायचं तर अनंत महादेवन यांचा 'फुले' जागोजागी पाठ्यपुस्तकासारखा वाटतो. तरी यादीत आहे, कारण त्याच्यावर जे झालं तेही या वर्षाचा इतिहास आहे. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणारा चित्रपट ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर २५ एप्रिलला आला. 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले गेले. तीन हजार वर्षांच्या गुलामीची 'अनेक वर्षं' झाली. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये 'मांग महारांच्या दुःखाविषयी' निबंध लिहिला. हा नियम लावला तर त्या पोरीच्या निबंधाचं शीर्षकसुद्धा पास होणार नाही.

आमच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातलं खानवडी हे फुल्यांचं गाव. त्याच तालुक्यातले आचार्य अत्रे. मोरगावजवळून वाहणारी कऱ्हा तिकडूनच येते. १९५४ मध्ये अत्र्यांनी 'महात्मा फुले' चित्रपट काढला, तेव्हा त्याच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर होते. सिनेमा हा टाइमपास आहे, चळवळीचं काम नाही, असं म्हणणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना हे नम्रपणे सांगावंसं वाटतं.

ऐतिहासिक रकान्यात मी 'छावा' लिहीत नाही. शंभूराजांचं बलिदान माझंही आहे. पण चित्रपट जिथे संपतो तिथून वढू बुद्रुकची, गोविंद गोपाळ महारांची गोष्ट सुरू होते. ती सांगणारा पिक्चर येईल तेव्हा रकाना भरेन.

पोलीस तपासाचा रकानाही मी रिकामा ठेवला. तिथे संध्या सुरी यांचा 'संतोष' बसला असता. दलित मुलीवरचा बलात्कार आणि खून, त्याचा तपास करणारी महिला शिपाई. ब्रिटनने तो ऑस्करला पाठवला, भारतात सेन्सॉरने अडवला. मी तो बघू शकलो नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. रिकामी जागा मात्र दाखवून ठेवतो.

आता आपल्याकडे येतो. यातले किती पिक्चर आपण तिकीट काढून बघितले? टेलिग्रामवर फुकट उतरवून घ्यायचे आणि मग 'आपले पिक्चर चालत नाहीत' म्हणायचं. 'छावा'ला टेम्पो भरून बारामतीला गेलो, 'होमबाउंड'ला का नाही? दुसरं, दिग्दर्शक आपला नाही म्हणून न बघताच बहिष्कार टाकण्याची सवय सोडू. बघू, चिकित्सा करू, विहारात बसून भांडू. महिन्यातून एक पिक्चर आणि त्यावर प्रत्येकाने एक पानभर लिहिणं, एवढं तरी सुरू करता येईल. तिसरं, कॅमेरा हातात घेऊ. पुण्यातली एफटीआयआय ही सरकारी संस्था आहे, तिथे आपल्याला राखीव जागा आहेत. पोलीस भरतीची तारीख तोंडपाठ असणाऱ्या आपल्या पोरांना तिथल्या प्रवेशाची तारीख माहीत नसते.

मी एवढं बोलून झाल्यावर पोरांनी खालचा रकाना खोडला आणि चारही पिक्चर आपापल्या जागी लिहिले. मग एकाने विचारलं, "दादा, कॉमेडीत आपला कुठला?"

आम्ही सगळे विचार करत बसलो. वस्तीत एकेक जण असा आहे की त्याच्या गप्पांना अख्खी गल्ली हसते. पण यंदाच्या पडद्यावर आपलं ते हसणं आम्हाला कुठे सापडलं नाही. पोलिसांचा रकाना सेन्सॉरने रिकामा ठेवला. हा आपल्याला भरायचा आहे.

जयभीम.