मच्छेचे शिवार आणि मनाचे आरोग्य

निसर्गसान्निध्याने मन सावरते, हा अनुभव जुना आहे. गेल्या चार दशकांत त्याला संशोधनाचाही आधार मिळाला. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते लवकर घरी परतले, असे अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. जपानने १९८२ पासून वनस्नानाचा पुरस्कार केला. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारित २०१९ च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आरोग्य उत्तम असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. हा औषधोपचाराला पर्याय नव्हे, पूरक आधार आहे.

मात्र या उपचाराची पहिली गरज जमीन आहे, आणि नेमका तोच प्रश्न बेळगावजवळच्या मच्छे परिसरात उभा आहे. खानापूर मार्गावरील या गावाला एकीकडे औद्योगिक वसाहत, तर दुसरीकडे पिकाऊ शिवार आहे. हलगा-मच्छे बायपासमुळे शहापूर, वडगाव, अनगोळ, मच्छे भागांतील सुपीक जमिनी जाणार म्हणून शेतकऱ्यांनी अनेक वर्षे रस्त्यावर आणि न्यायालयात लढा दिला.

या लढ्याची चर्चा भरपाई आणि पीक यांभोवतीच फिरली. त्यात मनाच्या हानीला रकाना नाही. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात कोळसा खाणींनी परिसर बदलला, तेव्हा स्वतःच्या घरी राहूनही माणसे परकेपणाने खचली. ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी या वेदनेला ‘सोलास्टाल्जिया’ असे नाव दिले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत डांबराखाली जाताना पाहणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख याहून वेगळे कसे मानावे? शेत हे त्याच्यासाठी फिरायचे उद्यान नव्हे. ती उपजीविका आणि ओळखही आहे.

शहराला वाहतूक कोंडीतून सुटका हवी, हे खरे. परंतु रस्त्याची किंमत मांडताना हरवणाऱ्या मोकळ्या जागेचे आरोग्यमूल्यही धरले पाहिजे.

नगरनियोजन कायद्यातील कलम ३९ अ वरून वाद चाललेल्या गोव्यालाही हा हिशेब लागू पडतो. डोंगर, शेते, खाजने रूपांतरित झाल्यावर मनःस्वास्थ्यासाठी लोकांना निसर्गात पाठवायचे कोठे? मोकळी जमीन राखणे हा पर्यावरणाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे.