गटारातला नळ

सलग 8 वेळा देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरच्या भागीरथपुऱ्यात शौचालयाखालच्या फुटक्या जलवाहिनीतून मैला घरोघरी गेला आणि माणसे दगावली. त्यावर हळहळण्याआधी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पालिकांनी लोकमान्यनगर, मुंब्रा, नेतिवलीच्या गल्ल्यांतून फिरून यावे. तिथे नळाचे पाइप गटारातून गेलेले दिसतात. झाकलेलेही नसतात.

पाणी येते काही तास. ते थांबले की वाहिनीतला दाब उतरतो आणि गंजलेल्या भोकांतून, ढिल्या सांध्यांतून गटार आत शिरते. कुणी मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिला हंडा वासाचा. मग जुलाब, कावीळ, बुडालेली मजुरी. आणि पालिकेचा सल्ला ठरलेला: पाणी उकळून प्या. गॅसचे पैसे कोण देणार?

मानक सांगते, पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय आढळताच कामा नये. बारावे, मोहिलीच्या जलशुद्धीकरण केंद्रांतून पाणी शुद्ध होऊन निघते, असे कल्याण-डोंबिवलीची पालिका सांगते. निघत असेलही. लोक केंद्रात पाणी पीत नाहीत, गटारातल्या नळाचे पितात.

हागणदारीमुक्तीचे फलक मात्र झळकतात. संडासाची भांडी मोजली, फोटो काढले, काम संपले! भांड्यातला मैला पुढे कुठे जातो, हे कुणी विचारत नाही. नुसते भांडे पुरत नाही: बांगलादेश, केनिया, झिम्बाब्वेच्या खेड्यांतील मोठ्या चाचण्यांत साधी शौचालये देऊनही मुलांची खुंटलेली वाढ सुधारली नाही. इथला मैला नाल्यातून नदीत जातो. वरच्या शहरांचे सांडपाणी पोटात घेतलेल्या उल्हास नदीचेच पाणी कल्याण-डोंबिवली उचलते. उल्हास-वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दंड ठोठावला. नोव्हेंबर 2018 मध्ये नेतिवलीच्या विहिरीत उतरलेले 5 जण विषारी वायूने गुदमरून गेले, त्यांत अग्निशमन दलाचे 2 जवान होते. शेजारच्या नाल्याचे पाणी विहिरीत झिरपत असल्याचे तेव्हा सांगितले गेले. पुढे काय, तर आणखी फलक.

गटारातले पाइप आधी बाहेर काढा. वस्ती अधिकृत की अनधिकृत हा वाद नंतर घाला; मते मागताना तो आठवत नाही. पाण्याचा नमुना गल्लीतल्या शेवटच्या नळावरून घ्या आणि निकाल तिथेच लावा. पाणीपट्टी थकली की दारावर नोटीस चिकटवणारे कर्मचारी पालिकेकडे आहेतच.