मोटारशौकिनांच्या मंडळांत विजेचा स्वतंत्र विभाग हवा

जुन्या मोटारी जतन करणाऱ्या हौशी लोकांचीं मंडळें मुंबईसारख्या शहरांत आहेत. तेथें इंजिन, रंग, चाकें यांविषयीं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु दिवा मंद झाला कीं त्याची विचारपूस त्याच गर्दींत हरवते. आमच्या मतें अशा प्रत्येक मंडळानें विजेच्या अडचणींसाठीं निराळा विभाग उघडावा.

इंजिनाचा दोष बहुधा कानास कळतो; विजेचा मात्र मोजल्यावांचून कळत नाहीं. १२ व्होल्टच्या मोटारींतील ४८ वॅटचा दिवा ४ अँपिअर प्रवाह घेतो. वाटेंतील गंजलेल्या सांध्यानें पाव ओहम विरोध केला, तर सुमारें १ व्होल्ट तेथेंच खर्ची पडतो. ओहमचा नियम शिकलेला विद्यार्थीहि हा हिशेब करील. मालक बिचारा नवा दिवा विकत आणतो! शिवाय १९५० च्या सुमाराच्या पुष्कळ ब्रिटिश मोटारींत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे. हल्ली ऋण टोक जोडतात. हें ठाऊक नसतां अशा गाडीस आजचा रेडिओ जोडला, तर तो जळून जाण्याचा संभव असतो. फ्यूजच्या जागीं जाड तार घालण्याचा सल्ला तर केवळ घातक. तारा तापून सबंध गाडी पेटूं शकते.

यास खर्च फारसा नाहीं. एक मल्टिमीटर, निरनिराळ्या गाड्यांच्या वायरिंगचे नकाशे आणि आठवड्यांतून एक सायंकाळ देणारा मोटारीचा जाणता वायरमन, एवढें पुरे. विचारणाऱ्यानें मात्र गाडीचें साल, बॅटरीचे व्होल्ट आणि सांगाड्यास जोडलेलें टोक हीं प्रथम लिहून द्यावींत.