चढाई एकट्याची नव्हे

धानकापणी आटोपली, की आमच्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गावांना मंडईचे वेध लागतात. दिवसा मंडई, रात्री नाटक आणि जोडीला कबड्डीचे सामने. मी कॉलेजात शिकतो म्हणून गेल्या वर्षी गावाने शाळकरी पोरांचा संघ माझ्या हवाली केला. माझा बेत सोपा होता. तेरा वर्षांचा एक दणकट मुलगा आमच्यात होता. चढाई त्याने करायची आणि बाकीच्या सहांनी पकडी. बहुतेक गावांचा बेत हाच असतो. तो चुकीचा आहे, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

पूर्वार्धात आम्ही पुढे होतो. उत्तरार्धात समोरच्यांनी त्याला साखळीत अडकवून बाद केले. बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळवल्याखेरीज परत येत नाही. आता गुण आणायला जायचे कोणी? उरलेल्या पोरांनी सरावातसुद्धा मध्यरेषा ओलांडलेली नव्हती. एकेक जण गेला आणि पकडला गेला. आमच्यावर लोण चढला, त्याचे जादा दोन गुण गेले, पाठोपाठ सामनाही गेला. परतताना लोक त्या एका पोरालाच बोल लावत होते. तो मान खाली घालून ऐकत होता. खरे तर दोष माझ्या आखणीचा होता. तेवढ्यात संघातला सर्वांत लहान मुलगा मला म्हणाला, "दादा, मले एकदा तरी पाठवून पाहाचं होतं."

त्या वाक्याने माझी झोप उडाली.

जाणती मंडळी म्हणतात, कबड्डी म्हणजे ताकद आणि हिंमत. तिला आखणी कशाला? परंतु या खेळाचे नियमच हिशेब मागतात. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच बोनस मिळतो. म्हणजे मैदान भरलेले असताना चपळ पायाचा, किरकोळ मुलगा पाठवावा. समोरचे गडी कमी झाले, की लांब हातांचा मुलगा उपयोगी पडतो. आणि आपण पुढे असू तेव्हा, तीस सेकंद दम न सोडता निदान रेषा ओलांडून सुखरूप परतणारा शांत डोक्याचा मुलगा हवा. तिसऱ्या चढाईत गुण घेण्याची सक्ती असेल, तेव्हा तेवढी चढाई दणकट मुलाकडे द्यावी. अशी आखणी केली, की प्रत्येक मुलात काहीतरी कामाचे सापडते. शिवाय आता कोण येणार, हे समोरच्यांना आधी कळत नाही.

नुसत्या नावावर आणि बळावर विसंबून चालत नाही, हे मोठ्यांच्या खेळातही दिसले आहे. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताने घेतले. २०१८ साली जाकार्तात मात्र उपान्त्य सामन्यातच इराणने आपल्याला हरवले. आपल्या संघात बळाची वाण होती, असे कोणी म्हणणार नाही.

यंदा मी सातही मुलांना चढाईला पाठवले. पहिल्या सामन्यात तिघे लागोपाठ पकडले गेले आणि मैदानाबाहेरून मला शिव्या बसल्या. आम्ही पुढची फेरी गाठली नाही. म्हणून माझ्या मताला विजयाचा पुरावा नाही, हे मी मान्य करतो. पण आमचा दणकट मुलगा बाद होऊन बाहेर बसला असताना त्या लहानग्याने समोरचा एक गडी बाद केला आणि त्याला आत आणले. बाहेर बसलेल्याने उडी मारून केलेला आनंद मी पाहिला. गेल्या वर्षी गावाचे सारे ओझे त्याच्या एकट्याच्या पाठीवर होते.

मित्रहो, सुट्टीत गावी गेलात, की तुमच्याही हवाली असा एखादा संघ येईल. ढाल आणायची असेल तर दणकट मुलगा शोधणे सोपे आहे. परंतु चौदा वर्षांच्या आतच "हे काम आपले नव्हे" असे सहा मुलांना शिकवून आणलेली ढाल फार महागात पडते. मध्यरेषेपलीकडे एकदा तरी सर्वांना जाऊ द्या.