धांवण्यापूर्वीचा फराळ

अहिल्यानगर जिल्ह्यांत हल्लीं पहाटेच्या अंधारांत सडकेवर धांवणारीं मुलें जागोजाग दिसतात. कोणाला पोलीस व्हावयाचें असतें, कोणाला सैन्यांत जावयाचें असतें. २०२२ सालीं राहुरीस कृषि विद्यापीठाच्या आवारांत अग्निवीरांची भरती झाली, तींतहि धांवण्याची कसोटी होतीच. पोलीस शिपायाच्या भरतींत मुलांस १६०० व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. शिवाय हौसेखातर पांच किलोमीटरच्या शर्यतींत नांव घालणारीं सुशिक्षित कुटुंबेंहि आतां पुष्कळ आहेत.

अशा दिवशीं सकाळीं घरांत दोन पक्ष पडतात. "रिकाम्या पोटीं पोर धांवणार कशी?" हा आईचा पक्ष, मग तुपांत भिजलेला शिरा आणि पेलाभर दूध पुढें येतें. दुसरा पक्ष तालमींतल्या मित्रांचा. त्यांच्या मतें पाण्याचा घोटहि घेऊं नये, अंग हलकें राहतें. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. मात्र दुसऱ्याची चूक जिवावर बेतणारी आहे.

धांवतांना शरीराच्या दर किलो वजनामागें दर किलोमीटरला सुमारें एक कॅलरी खर्च होते, असा ढोबळ हिशेब आहे. पन्नास किलो वजनाच्या मुलीस पांच किलोमीटरला अडीचशें कॅलरी पुरतात, म्हणजे ज्वारीच्या एका चांगल्या भाकरीइतकें अन्न! आणि तेंहि त्या सकाळींच पोटांत गेलें पाहिजे असें नाहीं. आधींच्या जेवणांतून स्नायूंत व यकृतांत जो शर्करेचा सांठा झालेला असतो, तो निरोगी माणसाजवळ याच्या कित्येक पट असतो. रात्रभरांत यकृतांतला वांटा कमी होतो, परंतु स्नायूंतला बहुतेक शाबूत राहतो. तेव्हां आईनें आपली माया आदल्या रात्रीच्या वरणभातांत ओतावी. ठेचा, मटकीची उसळ आणि नवा कोणताहि पदार्थ त्या रात्रीं नको.

शिरा वाईट नव्हे, वेळ वाईट. तूप पोटांतून लवकर पुढें सरकत नाहीं, आणि धांवूं लागतांच रक्त पायांकडे व त्वचेकडे वळतें. मग पोटांत कळ येते, मळमळतें, आणि वर्षभराची मेहनत चार मिनिटांत फुकट जाते. एकादशीची साबुदाण्याची खिचडीहि याच जातीची. तींतले दाणे आणि तूप लक्षांत घ्यावें. उपवास असेल तर केळें किंवा दोनचार खजूर बरे. एरव्हीं शर्यतीपूर्वीं दोन तास केळें, गुळाशीं अर्धी पोळी किंवा थोडा मऊ भात एवढें पुष्कळ झालें. शर्यत अगदीं पहाटे असेल तर अर्ध्या केळ्यावरहि भागतें. चहाची संवय असणाऱ्यांनीं तो सोडूं नये. नसणाऱ्यांनीं त्याच दिवशीं सुरू करूं नये. मधुमेहाचें औषध चालू असणाऱ्यांनीं मात्र आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून यांतलें कांहीं करूं नये.

आतां पाण्याविषयीं. नगरची हवा कोरडी. घाम येतो आणि कळण्यापूर्वींच वाळतो. दोन तास आधीं दोन पेले पाणी सावकाश प्यावें, म्हणजे अधिकाचा निचरा होण्यास वेळ मिळतो. ऐन वेळीं तांब्या रिकामा करणें हेंहि शहाणपण नव्हे. जून २०१४ मध्यें मुंबई पोलिसांच्या भरतींत पांच किलोमीटर धांवण्याच्या कसोटींत कांहीं तरुण कोसळून मरण पावले. सर्वांचें कारण एकच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उकाडा आणि पाण्यावांचून थकलेलें शरीर यांची गांठ पडली, तर पांच किलोमीटरहि फार होतात. अशा उन्हांत चक्कर आली किंवा अंगावर कांटा येऊन थंडी वाजूं लागली, तर नंबर गेला तरी चालेल, थांबावें.

कोणी "ताकदीची" पूड वा गोळी पुढें करील, तीस हात लावूं नये. १९०४ च्या सेंट लुई येथील ऑलिंपिकमध्यें मॅरॅथॉन जिंकणाऱ्या हिक्सला वाटेंत ब्रँडी, अंड्याचा पांढरा बलक आणि स्ट्रिक्नीन, म्हणजे आपल्या कुचल्यांतलें विष, पाजलें होतें. तो पहिला ठरला खरा, पण त्याला धरून आणावें लागलें.

राहतां राहिला तो शिरा. तो झांकून ठेवावा. पोर घामाघूम होऊन परतल्यावर, पाणी पिऊन जरा दम घेतला, कीं त्याची खरी वेळ होते.